भावंडांचा ब्लूग्रास बँड : सूर रक्तातला की घरातला?

परदेशी_पोहे
ब्लूग्रासचा (बँजो, फिडल, गिटारवर रंगणारं अमेरिकन लोकढंगाचं संगीत) मोठा वार्षिक मेळा २०१३ ते २०२४ आमच्या रॅलेत (नॉर्थ कॅरोलायना) भरायचा. फेएटव्हिल स्ट्रीट गाड्यांना बंद, आणि माणसांना पाय ठेवायला जागा नाही. तिथे एकदा चार भावंडांचा बँड ऐकला. मधे एकच माईक. बँजोवाली थोरली पुढे सरकली की गिटारवाला भाऊ न बघताच अर्धं पाऊल मागे; फिडलवाली (फिडल म्हणजे व्हायोलिनच) धाकटी गजाचं टोक खाली घेऊन त्याच्या कोपराजवळून आत. धक्का कुणाला नाही. मग तिघांनी मिळून सूर लावला आणि कुठला आवाज कुणाचा, कळेना. शेजारचे आजोबा म्हणाले, "ब्लड हार्मनी." म्हणजे रक्ताच्या नात्यातून जुळलेला सूर. इथला ठरलेला शब्द आहे हा.

मला नाही पटत. रक्त नाही, घर. एका ओट्याभोवती वाढलेली मुलं 'आ' सारखाच उघडतात, शब्दाचं शेपूट एकाच ठिकाणी तोडतात. दत्तक मूल त्या घरात वाढलं तर तेही तसंच गाईल. तुम्हाला काय वाटतं?

(बँजो म्हणजे आपल्या मिरवणुकीतला बटणं दाबून वाजवायचा बेंजो नव्हे हं. हा गोल, डफासारखा मढवलेला, बोटांत नख्या घालून छेडायचा.)

खर्जातला_भाऊ
असहमत. घशाची, टाळूची ठेवण आईबापांकडून येते. दादा सोलापुरात, मी पंधरा वर्षं पुण्यात. ओटा केव्हाच वेगळा झाला. तरी त्याचा फोन आला की आमची ही मी समजून त्यालाच कोथिंबीर आणायला सांगते.

चहाबाज
मंगेशकरांचं रक्त एक, घरही एक. लताबाई आणि आशाबाई मात्र पहिल्या ओळीला वेगळ्या ओळखू येतात. आता बोला दोघंही.

तंतुवाद्य_वेडी
मुळात ब्लूग्रास जन्मला तोच भाऊ वेगळे झाल्यावर. ब्लूग्रासचा जनक मानतात तो केंटकीचा बिल मन्रो घरात धाकटा. फिडल बर्चने घेतलेलं, गिटार चार्लीने, म्हणून याच्या वाट्याला मँडोलिन. त्यातही आठांपैकी चार तारा काढायला लावल्या, फार आवाज नको म्हणून! चार्ली-बिलची जोडी १९३८ मध्ये फुटली. मग बिलने 'ब्लू ग्रास बॉईज' काढला. १९४५ च्या डिसेंबरात तीन बोटांनी बँजो वाजवणारा अर्ल स्क्रग्ज आला. गिटारवर लेस्टर फ्लॅट होताच. आज आपण ज्याला ब्लूग्रास म्हणतो तो याच संचाचा, आणि त्यात चार्ली नव्हता.

ऑसबर्न बंधूंचंही तेच. बॉबी सगळ्यात वर मुख्य चाल गायचा, खाली दोन आवाज. ही त्यांची खासियत बसली तेव्हा तिसरा आवाज रेड ॲलनचा. परका माणूस.

परदेशी_पोहे
घ्या! म्हणजे रक्ताचा संबंधच नाही.

खर्जातला_भाऊ
थांबा. तिसरे गडी बदलत गेले, बॉबी आणि त्याचा भाऊ सनी तेच राहिले. खांद्याच्या दुखण्याने सनी थांबला २००५ मध्ये. अर्धशतक! जोडी का बदलली नाही?

तंतुवाद्य_वेडी
आणि स्टॅन्ली बंधू? कार्टर १९६६ मध्ये गेला. राल्फने पुढे रॉय ली सेंटर्सला घेतलं. नात्याचा नाही गोत्याचा नाही, पण लोकांना त्याच्यात कार्टर ऐकू यायचा.

टाळकरीण
सूर कुठून येतो यावर चर्चा, पण मुलांना कुणी विचारलं का? बिलच्या चार तारांपाशी मी अडकले. आमचं घरचं भजनी पथक होतं, चार भावंडं. ताईला तबला हवा होता. मिळाले टाळ, कारण तबला दादाचा. शनिवारी रात्री कार्यक्रम, रविवारी तालीम. मिसळायचे हो आमचे आवाज, चुकलं की जेवण लांबायचं! चेरीहोम्स नावाचं कुटुंब होतं, आईवडील आणि चार मुलं. २००५ मध्ये ब्लूग्रासच्या जगातला वर्षातला सर्वोत्तम कलावंत संच ठरले. २०११ मध्ये थांबले. त्यांच्या घरात काय होतं ते मला माहीत नाही, पण थांबले हे वाचून मला हायसं वाटलं.

चहाबाज
ताई, पण शेतकऱ्याची पोरं शेतात जातात, दुकानदाराची गल्ल्यावर बसतात. गाणंच का गुन्हा?

टाळकरीण
गल्ल्यावर बसलेल्या पोराला हसायला लावत नाहीत.

परदेशी_पोहे
हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. त्या फिडलवाल्या धाकटीकडे मी फक्त कौतुकाने बघितलं. तुम्ही चौघं आता एकत्र गाता का?

टाळकरीण
नाही. ताईने तर सोडूनच दिलं. गेल्या गणपतीत आरतीला चौघं बऱ्याच वर्षांनी एका खोलीत होतो, ती मागे दाराशी. दुसऱ्या कडव्याआधी चौघांनी श्वास एकाच जागी घेतला, बाबांनी शिकवला तिथे. तिच्याही ते लक्षात आलं. मोदक बघायला म्हणून आत गेली ती आरती संपेपर्यंत आलीच नाही.

खर्जातला_भाऊ
श्वासाचं परदेशी_पोह्यांच्या बाजूने गेलं, मान्य. कोथिंबिरीवर मी अजून ठाम आहे.