मदत हवी आहे: अंबाडीचा वाख टाकला की सिमेंटचे क्यूब सेटच होत नाहीयेत

नमस्कार मंडळी, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला, सिव्हिल फायनल इयरला आहे. प्रोजेक्टला फायबरवालं मॉर्टर (धागे मिसळलेला सिमेंट-रेतीचा मसाला) घेतलंय, पण बाजारातलं पॉलीप्रॉपिलीन (प्लास्टिकचा धागा) नाही, अंबाडीचा वाख, म्हणजे तिच्या सालीचा धागा. आमच्या धुऱ्यावर अंबाडी असतेच, आबाजी अजून ती नाल्यात कुजवून वाख काढतात न् पोळ्याच्या आधी बैलांचे दोर वळतात. विषयही त्यांच्यामुळेच सुचला. फायबर म्हणजे काय ते सांगत होतो तर म्हणे, "मंग यात नवीन का हाय, भित लिपाच्या मातीत आपण कुटार टाकतच नाई का?"

तर सिमेंट-रेती मिक्स १:३, ओपीसी (साधं पोर्टलँड सिमेंट) ४३ ग्रेड, पाणी-सिमेंट प्रमाण ०.५, वाख २० मिमी कापून सिमेंटच्या वजनाच्या १ टक्का. वाख कोरडाच टाकला, तिथंच चुकलं बहुतेक, त्यानं पाणी पिऊन घेतलं न् जागोजागी गोळे झाले. २४ तासांनी साधे क्यूब नीट सुटले, वाखाचे मात्र कोपरे अंगठ्यानं दाबले तरी भुरभुरत होते, तिसऱ्या दिवशी कुठं कडक आले. वाचलं की झाडातली साखर, पेक्टिन वगैरे पाण्यात उतरून सिमेंटचं सेटिंग लांबवतात. मग वाख उकळून पाहिला, पाणी कोऱ्या चहासारखं झालं. आता असं किती वेळा उकळून पाणी फेकायचं? का सरळ कॉस्टिक सोड्याची ट्रीटमेंट करू, आणि किती टक्के, किती वेळ ठेवला की धागा स्वतःच कमजोर होणार नाही?

२८ दिवसांची कॉम्प्रेसिव्ह (दाब सहन करायची ताकद) साध्यापेक्षा कमी आली, सर म्हणतात सोड, पॉलीप्रॉपिलीन घे न् रिपोर्ट लिही. पण ४०×४०×१६० मिमीच्या प्रिझमला (लांबट ठोकळ्याला) वाकवलं तेव्हा साधा कडकन तुटून दोन तुकडे झाला, वाखाचा फुटला पण सुटला नाही, भेगेत धागे टाक्यासारखे ताणलेले दिसत होते, काही तुटलेले, काही नुसते उपसून आलेले. मला वाटते फायबरचं काम हेच आहे, ते दाबाच्या आकड्यात दिसणारच नाही. उपसून येतात म्हणजे लांबी कमी पडली समजू का पकड?

दुसरी अडचण टिकण्याची. सिमेंटच्या आतल्या पाण्याचा पीएच १२.५ च्या वर, म्हणजे एकदम खारट-अल्कली, तो हळूहळू धागा खातो. सिमेंटमधला हा अल्कली चुना कमी करायला फ्लाय अॅश (कोळशाची राख) टाकता येते, चंद्रपूर-कोराडीच्या वीज केंद्रांमुळे आमच्याकडं तिला तोटा नाही, पण फ्लाय अॅशनं सुरुवातीची ताकद अजून उशिरा येईल आणि माझं तर सेटिंगच आधी रखडलंय. दोन्ही कसं जुळवायचं? ओलं-सुकं किती चक्र केले म्हणजे टिकेल असं म्हणता येते?

काळ्या मातीत पाया हलून भिंत फाटते ती वाखानं थांबणार नाही, तेवढं कळते. पण मे महिन्यात ४५ डिग्रीत प्लास्टर ओलं असतानाच ज्या केसासारख्या भेगा पडतात, तेवढ्या थांबल्या तरी गावातल्या घरांना खूप आहे. कोणी ताग, काथ्या, घायपात असं काही सिमेंटात टाकून पाहिलं असेल तर प्लीज सांगा, सबमिशनला दीड महिना आहे आणि पुढच्या सोमवारी नवीन बॅच टाकायची आहे.