बाबांची डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली : दुसरं अपील करू की थेट ट्रिब्युनलमध्ये (सैन्यदलांच्या न्यायाधिकरणात) जाऊ?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

बाबा तोफखान्यात होते. १९ वर्षं नोकरी करून २०१९ला हवालदार म्हणून निवृत्त झाले. भरतीच्या मेडिकलमध्ये कान ठणठणीत. निघतानाच्या रिलीज मेडिकल बोर्डाने मात्र दोन्ही कानांचं मिळून २० टक्के अपंगत्व लिहिलं, तेही आयुष्यभरासाठी, आणि खाली शेरा मारला 'नाना'. म्हणजे आजार नोकरीमुळे झालाही नाही, वाढलाही नाही. का, तर कानाला दुखापत झाल्याचा रिपोर्ट नाही. तोफेशेजारी उभं राहून कान रोज थोडा थोडा जातो, त्याचा रिपोर्ट कोण कधी लिहितं?

पहिलं अपील २०२१ला फेटाळलं. तीन ओळींचं पत्र. "सर्व्हिस पेन्शन चालू आहे ना, जाऊ दे," म्हणून बाबांनी ते ट्रंकेत टाकलं. गेल्या महिन्यात दादरला अनाउन्समेंट ऐकू आली नाही, फास्ट गाडीत चढले आणि भांडुप सोडून ठाण्याला उतरले. त्या रात्री आईने ट्रंक उघडायला लावली.

आता उशीर झाला का? सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद :
मीही माजी सैनिकच. बोर्डाची पूर्ण प्रोसिडिंग्ज (तपासणीचे कागद) आहेत का? नसतील तर आधी आरटीआय टाका, अर्जावर सही बाबांचीच हवी. मग सुप्रीम कोर्टाचा धरमवीर सिंग निकाल (२०१३) वाचा. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार नोकरीतच जडला असं धरतात. तसं नसेल तर बोर्डाने कारणं द्यायची.

दुसऱ्या अपिलाची सहा महिन्यांची मुदत गेली, तरी उशिराचं कारण लिहून ते टाकाच. ट्रिब्युनल आधीचे मार्ग वापरले का हे विचारतं. सहा महिने उत्तर नाही आलं तर मुंबई खंडपीठात जाता येतं. तरसेम सिंग निकालानुसार (२००८) पेन्शनचा दावा उशिराने मरत नाही, पण थकबाकी साधारण मागच्या तीनच वर्षांची मिळते. बसून राहाल तितके पैसे तुमचेच जातील. आणि २० टक्क्यांचं राउंडिंग होऊन ५० धरतात (राम अवतार, २०१४), तेही अपिलातच मागा. लोक नेमकं हेच विसरतात.

धागाकर्ता :
खूप आभार. प्रोसिडिंग्ज नाहीत, ते पत्रच आहे फक्त. बाबा नाइट ड्यूटीवरून आले की सही घेतो. आरटीआय रेकॉर्ड ऑफिसलाच पाठवायचा ना?