पहिल्या बजेट गेमिंग पीसीत प्रोसेसरवर कमीत कमी पैसे घाला

थर्मलपेस्ट (धागाकर्ता):

पन्नास-पंचावन्न हजारांत पहिला गेमिंग पीसी जुळवणाऱ्यांच्या याद्या पाहतो. जवळपास प्रत्येक यादी प्रोसेसरपासून सुरू होते आणि तिथेच बिघडते. आधी ‘चांगल्यातला’ प्रोसेसर ठरतो, मग त्याला शोभेल असा मदरबोर्ड, मग रंगीत पंख्यांचं कॅबिनेट. गेमचं चित्र काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डाची पाळी येईपर्यंत खिशात जे उरतं, त्यात जे मिळेल ते.

माझं म्हणणं उलट आहे. आधी कार्ड, मग बाकीचं. १०८०पी (फुल एचडी) मॉनिटर, एएमडीच्या आरएक्स ६६०० च्या तोडीचं ८ जीबीचं कार्ड आणि बहुतेक वेळ एकट्याने खेळायचे मोठे गेम, एवढंच असेल तर इंटेलचा आय३-१२१००एफ पुरतो. ४ कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), ८ थ्रेड (एका वेळी हाताळायची कामं), ४.३ गिगाहर्ट्झपर्यंत वेग. जानेवारी २०२२ मध्ये आला तेव्हा इंटेलने सुचवलेली किंमत होती ९७ डॉलर. खोक्यात पंखाही येतो.

‘पण यूट्यूबवर तर इंटेलचाच वरचा आय५ बराच पुढे दिसतो!’ दिसणारच. परीक्षक मुद्दाम बाजारातलं सगळ्यात तगडं कार्ड लावतात, म्हणजे कार्डाचा अडसर राहत नाही आणि प्रोसेसरांमधला फरक उघडा पडतो. त्यांच्या कामासाठी ते बरोबरच आहे. पण ते कार्ड तुमच्याकडे नाही. आरएक्स ६६०० अल्ट्रा (सगळ्यात भारी) सेटिंगवर स्वतःच धापा टाकत असतं आणि प्रोसेसर पुढच्या फ्रेमची (पडद्यावरच्या पुढच्या चित्राची) तयारी करून वाट पाहत बसलेला असतो. त्याच्या जागी आणखी वेगवान प्रोसेसर बसवला तर तो आणखी जास्त वेळ वाट पाहील.

हाणा आता.

---

सहाच_हवेत:

असहमत, आणि ठामपणे. सरासरी फ्रेम पाहिली तर तुझं म्हणणं पटतं. पण खेळताना डोळ्यांना सरासरी दिसत नाही, अडखळणं दिसतं. सगळ्यात खराब एक टक्का फ्रेम काय वेगाने येतात ते बघ. ओपन वर्ल्ड गेममध्ये भरधाव गाडीने गर्दीच्या चौकात शिरलास की चारही कोअर शंभर टक्क्यांवर, आणि स्क्रीनला झटका.

शिवाय परीक्षकाच्या पीसीवर गेम सोडून काहीच चालू नसतं. आपल्याकडे डिस्कॉर्ड, क्रोमचे बारा टॅब आणि मागे विंडोजचं काहीतरी चाललेलंच असतं. इंटेलचा आय५-१२४००एफ किंवा तिच्या स्पर्धक एएमडीचा रायझन ५ ५६०० घेतला की ६ कोअर, १२ थ्रेड मिळतात. कार्ड दोन वर्षांनी बदलेल. प्रोसेसर बदलायला कोणी जात नाही, तो पीसी विकेपर्यंत तिथेच असतो.

सायबरपंक २०७७ च्या कंपनीने २.० अपडेटच्या वेळी गरजांची यादी बदलली. शिफारशीत काय लिहिलंय? कोअर आय७-१२७०० किंवा रायझन ७ ७८००एक्स३डी. आणि तू आय३ विकतोयस.

---

थर्मलपेस्ट:

त्याच यादीतली वरची ओळ का गाळलीस? किमान गरज आहे आय७-६७००. तोही ४ कोअर, ८ थ्रेडचाच, आणि १२१००एफ त्याच्या कितीतरी पुढे आहे. शिफारशीची ओळ पन्नास हजारवाल्यांसाठी लिहिलेलीच नसते रे.

अडखळण्याचा मुद्दा मात्र खोटा नाही. पण त्यावर पहिला उपाय सेटिंगमध्ये आहे: गर्दीची घनता एक पायरी खाली घे आणि फ्रेम साठवर बांध. त्यासाठी दुकानात जावं लागत नाही.

---

रँक्ड_रात्री:

तुम्ही दोघं सायबरपंकवर भांडताय, आमच्या होस्टेलमध्ये कोणीच ते खेळत नाही. व्हॅलोरंट आणि सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २). सेटिंग लो, मॉनिटर १४४ हर्ट्झचा. इथे कार्ड निवांत असतं आणि सगळा भार प्रोसेसरवर. आमच्यासारख्याने ‘आधी कार्ड’ ऐकलं तर पैसे पाण्यात.

---

थर्मलपेस्ट:

तुझ्यासाठी कार्ड हलकं घे, मान्य. पण व्हॅलोरंटला कोअरची संख्या फारशी लागत नाही, एकेका कोअरचा वेग लागतो. १२१००एफ चा ४.३, १२४००एफ चा ४.४. कोअरची रचना तीच, कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) १२ एमबी विरुद्ध १८ एमबी. तुझ्या होस्टेलच्या मॉनिटरवर फरक दाखव.

---

नागपुरी_फ्रेम:

अरे राजेहो, मेलेल्या सॉकेटवर (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) काय भांडता बे! इंटेलचा एलजीए१७०० चौदाव्या पिढीबरोबर संपला, पुढची पिढी एलजीए१८५१ वर गेली. एएमडीच्या जुन्या एएम४ वर नवं मोठं काही येणार नाही. पहिला पीसी घेणाऱ्याने एएमडीचा नवा एएम५ घ्यावा. रायझन ५ ७५००एफ बसव. एएमडीने हा सॉकेट २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवायचं जाहीर केलंय. चार वर्षांनी त्याच बोर्डावर नवा प्रोसेसर, बाकी काही हलवायचं नाही.

ही हवेतली गोष्ट नाही. २०१७ मध्ये ज्यांनी एएम४ चे बी३५० बोर्ड घेतले, त्यांच्यातल्या कित्येकांनी बायॉस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून त्यावरच रायझन ७ ५८००एक्स३डी बसवला, जो २०२२ मध्ये आला. इंटेलवाल्यांनी तेवढ्या काळात किती बोर्ड बदलले ते विचारा.

आणि इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे प्रोसेसर जास्त व्होल्टेजने खराब होत होते, ते लफडं विसरले काय सगळे?

---

सहाच_हवेत:

व्होल्टेजचं प्रकरण बाराव्या पिढीचं नाही, तेराव्या-चौदाव्यातल्या जास्त वॅटच्या मॉडेलांचं आहे. त्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं दुरुस्तीचं अपडेट) आला आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढली. १२१००एफ आणि १२४००एफ त्यात नाहीत. इथे मी धागाकर्त्याच्या बाजूने, नाइलाजाने.

एएम५ चं म्हणणं दीड वर्षापूर्वी मीही उचलून धरलं असतं. अडचण रॅमची आहे, एएम५ ला डीडीआर५ (नव्या पिढीच्या रॅम) शिवाय पर्याय नाही. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा उचलायला सुरुवात केली तेव्हापासून भाव भडकलेत. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियल ब्रँडची ग्राहकांसाठीची विक्रीच बंद करत असल्याचं सांगितलं. बजेट बिल्डमध्ये रॅमचं बिल प्रोसेसरच्या बिलाला गाठतंय. जुनी डीडीआर४ सुद्धा महागलीय, पण ती निदान जुन्या बाजारात सापडते, एखाद्या मित्राच्या मोडलेल्या पीसीतून निघते.

---

नागपुरी_फ्रेम:

रॅम आज महाग आहे, कायमची नाही. आता डीडीआर४ वर पैसे घातले तर उद्या ती कुठल्या बोर्डात घालणार? आठ जीबीची एक डीडीआर५ स्टिक घेऊन सुरुवात करा, भाव उतरले की दुसरी टाका.

---

थर्मलपेस्ट:

एका चॅनेलवर (रॅमपर्यंतच्या एकाच वाटेवर) आठ जीबी? आजच्या गेममध्ये? मग सहा कोअर काय, सोळा असले तरी रखडतील. नागपूरकर, चार वर्षांनंतरच्या प्रोसेसरसाठी आजची चार वर्षं रखडत काढायची हा हिशोब मला जमत नाही.

---

जुनंतेसोनं:

एवढा घोळ कशाला? ऑफिसातून निघालेला आय७-४७९० वाला ब्रँडेड पीसी घ्या, त्यात कार्ड टाका. निम्म्यात काम.

---

लॅमिंग्टनचा_वाटाड्या:

काका, तो विंडोज ११ च्या यादीत बसत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. शिवाय त्या ऑफिस पीसींच्या एसएमपीएसला (पॉवर सप्लायला) बरेचदा कार्डाची पॉवर केबलच नसते, आणि एसएमपीएस बदलायचा तर बोर्डाचा कनेक्टर कंपनीच्या स्वतःच्या मापाचा. हे स्वस्त नसतं, हप्त्याहप्त्याने महाग पडतं.

मूळ वादात माझेही दोन शब्द. काउंटरवर ‘आय३ की रायझन’ यापेक्षा जास्त लोक नावांत फसतात. एएमडीचेच तीन घ्या. रायझन ५ ५६००: ३२ एमबी एल३ कॅश, पीसीआयई (कार्ड ज्या जोडणीवर चालतं ती) ४.०. रायझन ५ ५५००: तेवढेच ६ कोअर, पण कॅश १६ एमबी आणि पीसीआयई ३.०. रायझन ५ ५६००जी: आत वेगा ग्राफिक्स, पण कॅश पुन्हा १६ एमबी आणि पीसीआयई ३.०. दुकानदार ‘सहा कोअरचाच आहे, सेमच’ म्हणून ५५०० देतो, आणि गेममध्ये कॅशचा फरक जाणवतो.

यात पीसीआयई कुठे चावतं? आरएक्स ६६०० आठ लेनवर (जोडणीच्या आठ वाटांवर) चालतं, त्याला ३.० वरही फारसा त्रास नाही. आरएक्स ६५०० एक्सटी मात्र फक्त चार लेनचं. त्याला ५५००, ५६००जी किंवा पीसीआयई ३.० चाच ए५२०, बी४५० बोर्ड दिला की ते सपाटून मार खातं. हे दोन्ही ‘बजेट’ माल एकाच काँबोत घालून विकलेले मी रोज पाहतो. म्हणून म्हणतो, प्रोसेसर एकटा निवडूच नका. बोर्ड, रॅम, कार्ड आणि एसएमपीएस असा पूर्ण कागद समोर ठेवून बेरीज करा आणि मग आय३ की आय५ ते बोला. कागदावर आय५ साठी रॅम आठ जीबीवर आणावी लागत असेल, तर आय३ घ्या. एसएमपीएस लोकल घ्यावा लागत असेल, तरीही आय३च.

---

तन्वीची_आई:

सगळं वाचलं, अर्धं कळलं. मुलगी यंदा इंजिनिअरिंगला जाईल. अभ्यासाला पीसी लागणारच आहे, तिला व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळायचंय. मॉनिटर घरात आहे. सगळं धरून पस्तीस हजार आहेत आणि कार्डाला आत्ता पैसे नाहीत. वर्षभराने घेऊ. आय३-१२१००एफ घेऊन थांबलं तर चालेल का?

---

थर्मलपेस्ट:

ताई, एफ वाला घेतलात तर कार्ड येईपर्यंत स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. त्यात ग्राफिक्सच नसतात. बिनाएफचा आय३-१२१०० घेतला तर अभ्यास होईल, जीटीए रडत चालेल. मी तुमच्या जागी असतो तर थोडं थांबून कार्डासकट एकदमच घेतलं असतं.

---

सहाच_हवेत:

कॉलेज यंदाच सुरू होईल आणि तू त्यांना थांबायला सांगतोस! ताई, तुमच्यासाठी ५६००जी. व्हॅलोरंट व्यवस्थित चालेल, जीटीए ५ सेटिंग उतरवून चालेल. वर्षभराने आरएक्स ६६०० टाकलंत तर वर वाटाड्यांनी सांगितलंय तसं, फार नुकसान नाही.

फक्त रॅम ८-८ च्या दोन स्टिक घ्या, सोळाची एक नको. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच घेतं. दोन चॅनेल मिळाले नाहीत तर ५६००जी घेतल्याचा उपयोग निम्मा.

आणखी एक, जे एफवाले सांगत नाहीत. कार्ड वॉरंटीत पाठवावं लागलं तर परत येईपर्यंत एफ प्रोसेसरचा पीसी बंद. माझा महिनाभर होता. सबमिशनच्या आठवड्यात असं झालं तर मुलगी तुमच्या नावाने खडे फोडेल.

---

थर्मलपेस्ट:

यासाठीच ५६००जी वाल्यांशी माझं पटत नाही. कार्ड ‘वर्षभराने’ घ्यायचं ठरतं आणि मग ते कधीच येत नाही. कार्ड आलंच तर निम्म्या कॅशचा प्रोसेसर गळ्यात. पण अभ्यासाची अट असेल तर माझ्याकडे यापेक्षा चांगलं उत्तर नाही, हेही खरं.

---

नागपुरी_फ्रेम:

८६००जी कोणी बोलेना. एएम५, ग्राफिक्स दुप्पट तगडे.

---

सहाच_हवेत:

आणि डीडीआर५ चं बिल कोण भरणार, तू? पस्तीस हजार आहेत त्यांच्याकडे.

---

तन्वीची_आई:

तन्वीने धागा वाचला. तिला ५६००जी हवाय, तिचे बाबा म्हणतात सेकंड हँड नको. रविवारी दुकानात जातोय. काय बघून घ्यायचं ते सांगा, तिथे गेल्यावर मला काही आठवत नाही.

---

लॅमिंग्टनचा_वाटाड्या:

बिलावर पूर्ण नाव लिहून घ्या: ‘रायझन ५ ५६००जी’. नुसतं ‘रायझन ५’ चालणार नाही. प्रोसेसर सीलबंद खोक्यातलाच, ट्रेमधला सुटा नको. सुट्याला पंखा नसतो आणि वॉरंटी कोणाच्या दारात मागायची ते कळत नाही. जीएसटीचं पक्कं बिल प्रत्येक वस्तूच्या सीरियल नंबरसह. बोर्ड बी५५० बसत असेल तर उत्तम. बी४५० किंवा ए५२० दिला तर खोक्यावर ‘रायझन ५००० रेडी’ लिहिलंय का पाहा, जुन्या बायॉसवर हा प्रोसेसर सुरूच होत नाही. एसएमपीएस आत्ताच ५५० वॅटचा आणि नाव असलेल्या कंपनीचा घ्या, म्हणजे कार्ड येईल तेव्हा तो बदलावा लागणार नाही. आणि दुकानातच जोडून चालू करायला लावा. बायॉसच्या पहिल्या पानावर प्रोसेसरचं नाव आणि १६ जीबी रॅम दिसल्याशिवाय क्यूआर कोड स्कॅन करू नका.