केळ्याला ५२ कोटी रुपये आणि डिजिटल फाइलीला ६ कोटी ९३ लाख डॉलर, हे कलेचे भाव आहेत का? तुमचं मत सांगा

शाहूपुरी_ब्रश
नोव्हेंबर २०२४ ला न्यूयॉर्कमध्ये सदबीजच्या लिलावात भिंतीला टेपनं चिकटवलेलं एक केळं ६२ लाख डॉलरला गेलं, तेव्हाच्या भावानं आपले ५२ कोटी रुपये. कलाकार इटलीचा मॉरिझियो कॅटेलान, कामाचं नाव कॉमेडियन. अंदाज धरलेला १० ते १५ लाख डॉलरचा. घेणारा जस्टिन सन, ट्रॉन नावाच्या क्रिप्टो चलनाचा संस्थापक, त्यानं दहा दिवसांच्या आत हाँगकाँगला पत्रकारांसमोर ते केळं सोलून खाल्लं. लिलावासाठी ते केळं ज्या गाड्यावरनं आणलं तिथं त्याची किंमत होती ३५ सेंट आणि विकणारा बांगलादेशातनं तिकडं गेलेला एक म्हातारा माणूस.

मी चित्रं काढून पोट भरणारा माणूस आहे, कलानिकेतनला शिकलोय, पोर्ट्रेटच्या ऑर्डरी घेतो, त्यामुळं मला हे मनाला लागतंय आणि मी ते लपवत नाही. माझं म्हणणं एवढंच की हा भाव कामाचा नाही, बातमीचा आहे. क्रिप्टोवाल्याला जगभर नाव पायजे होतं ते त्यानं विकत घेतलं. २०२१ ला एनएफटीत, म्हणजे डिजिटल फाइलीच्या मालकीची नोंद विकायच्या धंद्यात, पण हेच झालं. ख्रिस्तीज ह्या लिलाव कंपनीनं बीपल नावाच्या डिझायनरची एक डिजिटल फाइल ६ कोटी ९३ लाख डॉलरला विकली, घेणाऱ्यानं पैसे इथर नावाच्या क्रिप्टो चलनात दिले, आणि त्याच घेणाऱ्यानं त्याआधी बीपलचीच २० कामं घेऊन त्यांच्यावर बी२० नावाचं टोकन, म्हणजे विकत घेता येणारं डिजिटल नाणं, काढलेलं होतं, लिलावाच्या हवेत ते टोकन वर गेलं आणि पुढं पार झोपलं. वरच्या भावात कोण शिरलं? बातमी वाचून आलेली पोरं. बोला आता.

रंकाळा_सायंकाळ
दादा, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरताय. मी कलेचा इतिहास शिकवते म्हणून जरा लांबलचक लिहिते, राग मानू नका.

कॉमेडियनमध्ये केळं विकलेलंच नाही. विकलं गेलं ते प्रमाणपत्र आणि केळं किती उंचीवर कसं लावायचं याच्या सूचना, केळं खराब झालं की बदलायचं हे त्यातच आलं. २०१९ ला मायामीत ते पहिल्यांदा लागलं तेव्हाच १ लाख २० हजार डॉलरला गेलं होतं. आणि वस्तू बाजूला ठेवून कल्पना पुढं करायची ही गोष्ट क्रिप्टोच्या कितीतरी आधीची आहे. द्यूशाँ ह्या कलाकारानं १९१७ ला न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मुतारीचं भांडं पाठवलं, तिथं फी भरणाऱ्या कुणाचंही काम घ्यायचं असा नियम असून ते मांडलं नाही. ईव्ह क्लाइननं रिकामी जागा सोन्याच्या बदल्यात विकली, पावती दिली, विकत घेणाऱ्यानं पावती जाळली तर क्लाइन स्वतः अर्धं सोनं सेन नदीत टाकायचा. त्यातली एक न जाळलेली पावती २०२२ ला पॅरिसच्या लिलावात १० लाख युरोच्या वर गेली. मान्झोनीनं १९६१ ला स्वतःची विष्ठा म्हणून ९० डबे भरले आणि भाव ठेवला वजनाएवढ्या सोन्याचा. हे सगळे कलाकार किमतीवरच बोट ठेवत होते. तुम्ही आज जो प्रश्न विचारताय तोच कॅटेलान विचारतोय, फक्त तो भिंतीवर लावून विचारतोय.

आणि एक सांगा, मार्च २०२५ ला एम. एफ. हुसेन यांचं ग्राम यात्रा हे चित्र १ कोटी ३७ लाख डॉलरच्या वर गेलं, आपले साधारण ११८ कोटी. केळ्याच्या दुप्पट. तेव्हा कुणी आरडाओरडा केला नाही, उलट पंढरपूरच्या माणसाचं नाव झालं म्हणून आपण सगळे खूश. कॅनव्हास आणि रंगाचा खर्च धरला तर ते पण अवाढव्यच ना?

शाहूपुरी_ब्रश
ताई, ग्राम यात्रा १९५४ चं आहे, तेरा चौकटीत आख्खं खेडं मांडलंय, दिल्लीत एका डॉक्टरनं घेतलं आणि ते ऑस्लोच्या हॉस्पिटलला गेलं, तिथं कित्येक वर्षं भिंतीवर होतं. त्या पैशातनं आता डॉक्टरांचं प्रशिक्षण होणार. ते चित्र उद्या कुणाला न सांगता अंबाबाईच्या देवळाबाहेर उभं केलं तरी माणसं थांबून बघतील. केळं भिंतीला लावलं तर पुजारी काढून टाकील. काम स्वतःच्या पायावर उभं राहतंय का बातमीच्या, एवढाच माझा मुद्दा आहे.

रंकाळा_सायंकाळ
थांबून बघणं हीच कसोटी असेल तर सिनेमाचं मोठं होर्डिंग जगातलं सगळ्यात श्रेष्ठ चित्र ठरेल. नाही पटत.

मार्केटयार्ड_रवा
मला कलेतलं काय कळत नाही पण लिलावातलं कळतंय, घरी दोन पिढ्या गुळाची अडत आहे. शाहू मार्केट यार्डात सौदा निघतो तेव्हा व्यापारी रवा म्हणजे गुळाची ढेप बघतो, रंग बघतो, तुकडा तोंडात टाकतो, मग बोली. एखाद्यानं आपलाच माल आपल्याच माणसाकडनं चढ्या भावानं घ्यायला लावला तर दुपारपर्यंत आख्ख्या यार्डात बोभाटा होतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या सौद्याला कोण उभं राहत नाही. एनएफटीत एकाच माणसाची दोन वॉलेट, ह्या हातातनं त्या हातात विकायचं, भाव १० चा १०० दाखवायचा, आणि समोरच्याला वाटतं बाजार तापलाय. त्याला वॉश ट्रेडिंग म्हणत्यात. तोंडं दिसत नाहीत म्हणून हे चालतं. मला रागच ह्याचा येतो, चित्र चांगलं का वाईट ते राहू दे बाजूला.

ब्लॉक_बाय_ब्लॉक
सगळे एकाच बाजूनं बोलायलेत म्हणून लिहितोय. मी डिजिटल आर्टिस्ट आहे, कागलजवळच्या गावात राहतो, मुंबईच्या गॅलरीत मला कोण दारात उभं करत नाही. २०२१ ला माझ्यासारख्याला पहिल्यांदा असं झालं की काम टाकलं आणि परदेशातल्या अनोळखी माणसानं पैसे देऊन घेतलं, मध्ये कोण क्युरेटर नाही, कोण ओळखीचा नाही. त्याहून मोठं म्हणजे रॉयल्टी. काम पुढं विकलं गेलं की दर वेळी ५ नाहीतर १० टक्के मूळ कलाकाराला. केळं लिलावात गेलं तेव्हा पैसे गेले आधीच्या मालकाकडं आणि लिलाव कंपनीकडं. हुसेन तर २०११ लाच गेले. एनएफटीनं ही अन्यायाची गोष्ट दुरुस्त करायचा प्रयत्न केला, तिला तुम्ही सरसकट फसवणूक म्हणताय हे मला अजिबात मान्य नाही भावांनो.

शाहूपुरी_ब्रश
भावा, तुझ्याबद्दल काय वाद नाही, तू काम करून विकलंस. पण ती रॉयल्टी साखळीत, म्हणजे ब्लॉकचेनच्या नोंदीत, कोरलेली नव्हतीच, बाजार चालवणाऱ्या साइटच्या मर्जीवर होती. ओपनसी हे एनएफटीच्या सगळ्यात मोठ्या दुकानांतलं एक, त्यांनी ऑगस्ट २०२३ ला जाहीर केलं की इथून पुढं विकणाऱ्याला वाटलं तर द्या. धंदा घटला तसं गिऱ्हाईक टिकवायला पहिला हात कलाकाराच्याच खिशात घातला. मग आधीच्या गॅलरीवाल्यात आणि ह्यांच्यात फरक काय राहिला?

ब्लॉक_बाय_ब्लॉक
फरक असा की गॅलरीत हिशोबच दिसत नाही, इथं प्रत्येक विक्री सगळ्या जगाला दिसते. साइटनं दगा दिला हे खरंय आणि ते मलाही झोंबलंय. पण दगा त्या साइटचा आहे, त्यासाठी आख्खी कल्पना मोडीत काढू नका.

उद्यमनगर_लेथ
दिसतं म्हणजे काय दिसतं, आकडा दिसतो. टोकन म्हणजे नुसती नोंद, ती एका फाइलीकडं बोट दाखवते, फाइल बऱ्याचदा तिसऱ्याच कुणाच्या सर्व्हरवर, आणि चित्राचा कॉपीराइट बहुतेक वेळा तुम्हाला मिळत पण नाही. माझ्या मामेभावानं नोकरीतनं साठवलेले पैसे त्या वेळी एनएफटीत गाजलेल्या माकडाच्या चित्रांची नक्कल करणाऱ्या कुठल्याशा कलेक्शनमध्ये घातले. ग्रुपवर रोज सांगायचे की विकू नका, धरून ठेवा, अजून चढणारे. चढवणारे कधीच बाहेर पडले होते. आता घ्यायला कोणच नाही, शून्य भावात पण नाही. घरी वहिनीला सांगायची त्याची हिंमत झाली नव्हती, शेवटी तिनं बँकेचं पासबुक बघितलं. हे लिहिताना पण मला त्रास होतोय. ट्विटरवाल्या जॅक डॉर्सीच्या पहिल्या ट्विटचं टोकन २९ लाख डॉलरला घेणारा, त्यानं साधारण वर्षभरानं ४ कोटी ८० लाख डॉलरला विकायला काढलं आणि पहिल्या मुदतीत आलेली सगळ्यात मोठी बोली ३०० डॉलरच्या आतली. त्याला ते झेपत असेल. माझ्या भावाला झेपत नाही.

ताळेबंद_कोल्हापूर
टॅक्सचं काम करतो म्हणून एवढंच सांगतो, कारण पोरांना हे कोण सांगत नाही. २०२२ च्या बजेटपासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, वर सेस वेगळा, आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस. खरेदीची किंमत सोडली तर दुसरा कुठला खर्च वजा होत नाही. एका टोकनात बुडालेले पैसे दुसऱ्या टोकनातल्या नफ्यातनं पण वजा होत नाहीत आणि तोटा पुढच्या वर्षी ओढता येत नाही. शेअरसारखं आहे असं कोण म्हणत असेल तर त्याला हे वाचायला द्या.

चप्पल_लाईन
भावाचा विषय निघालाय तर आमचं पण ऐका. जून २०२५ ला मिलानच्या रॅम्पवर प्राडा ह्या इटलीच्या फॅशन कंपनीनं आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल आणली, पहिल्यांदा कोल्हापूरचं नाव सुद्धा नाही. ओरड झाल्यावर मान्य केलं. पुढं डिसेंबरात जाहीर केलं की महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारागिरांकडनं २००० जोड करून घेणार आणि किंमत ८०० युरोच्या घरात. २०१९ पासून आपल्याला जीआय, म्हणजे ह्याच भागातला माल असल्याचा कायदेशीर शिक्का, आहे, चार जिल्हे इकडचे चार तिकडचे. कातडं कमावण्यापासनं शिलाईपर्यंत घरातल्या बायामाणसांचे हात लागतात तेव्हा एक जोड होतो आणि गिऱ्हाईक दुकानात येऊन हजाराचे आठशे करा म्हणतं. तेच गिऱ्हाईक उद्या मोबाइलवर ८०० युरो वाचून वा वा करणार. मला प्राडाचा राग कमी आणि आपल्या लोकांचा जास्त येतो. शाहूपुरीवाल्या दादांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं, लोक वस्तू बघत नाहीत, तिच्याबद्दल कोण बोललं ते बघतात.

रंकाळा_सायंकाळ
तुमचं वाचून वाईट वाटलं ताई. पण ह्यातनंच माझं म्हणणं पुढं जातं. नाव, गोष्ट, पावती ह्यांना किंमत असते हे जीआय मिळवताना आपणच मान्य केलं ना? कातडं तेच, शिलाई तीच, तरी कोल्हापूर म्हटल्यावर वजन येतं. ते वजन फसवं नाही.

आपल्या कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रेहमान यांचंच घ्या. १९२२ ला शाहू महाराज गेले तेव्हा त्या दुःखात आबालालनी आपली ढीगभर चित्रं कोटीतीर्थ तळ्यात सोडली असं आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ती चित्रं आज कुणी बघू शकत नाही. तरी ती कृती आपल्या गावानं शंभर वर्षं जपली. वस्तू नसताना कला राहते याचं ह्याहून मोठं उदाहरण मला देता येणार नाही.

शाहूपुरी_ब्रश
ताई, हे वाचून मी बराच वेळ विचार करत बसलो. पण बघा, त्यात विकणारा कोण होता? बोली कुणी लावली? बघायला कुठला पत्रकार होता? राजा गेला आणि एका चित्रकाराला वाटलं आता हे दाखवायचं कुणाला. जस्टिन सननं कॅमेऱ्यासमोर केळं खाल्लं आणि आबालालनी चित्रं पाण्यात सोडली ह्या दोन गोष्टी मी एका ओळीत बसवूच शकत नाही. आणि जी चित्रं वाचली ती टाऊन हॉल म्युझियमला आहेत. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या पोरांना मी विचारतो, बीपल माहीत असतो, आबालाल बघितलेले नसतात. माझं भांडण कॅटेलानशी नाहीच. ह्या मोठ्या आकड्यांनी आमच्या पोरांच्या डोक्यात असं बसवलंय की चित्र म्हणजे एक तर कोटी नाहीतर फुकट, मधलं काहीच नाही. दहा-पंधरा हजाराचं चांगलं लँडस्केप घेणारा माणूस त्यामुळं दिसेनासा झालाय.

ब्लॉक_बाय_ब्लॉक
पोरं नुसत्या आकड्यांवरच जातात असं नाही हो दादा. डेमियन हर्स्ट ह्या इंग्लंडच्या कलाकारानं १०,००० कामांना पर्याय दिला होता, कागदावरचं मूळ चित्र घ्या नाहीतर टोकन ठेवा. ५,१४९ जणांनी कागद घेतला, ४,८५१ जणांनी टोकन, आणि त्यांचे कागद २०२२ ला जाळले. निम्म्याहून जास्त लोकांना हातात धरायची वस्तूच हवी होती. तुमचा मधला गिऱ्हाईक मेलेला नाही. मात्र त्याच्यापर्यंत पोचायला काहीतरी साधन लागणार आणि ते नवीनच असणार.

ताळेबंद_कोल्हापूर
रॉयल्टीवर भांडताय म्हणून सांगतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ५३अ आहे. मूळ चित्र, शिल्प, रेखाटन पुढं १०,००० रुपयांच्या वर पुन्हा विकलं गेलं तर कलाकाराला किंवा त्याच्या वारसाला त्यातला वाटा मागता येतो, कमाल १० टक्के. टोकन लागत नाही, साखळी लागत नाही. पण पुढची विक्री झाली हे कलाकाराला कळायला तर पायजे, तिथंच सगळं अडतं.

शाहूपुरी_ब्रश
सर हे मला कुणी कॉलेजात सांगितलं नाही, नंतर पण नाही. इथून पुढं पावतीवर हे कलम लिहिणार, आणि चित्र पुढं दिलं तर कळवा असं पण लिहिणार. गिऱ्हाईक बिचकेल का?

रंकाळा_सायंकाळ
बिचकणारा बिचकू दे. पुढच्या वेळी शाहू स्मारकला प्रदर्शन लावाल तेव्हा मला कळवा, मी घेईन आणि त्या पावतीवर सहीसुद्धा करीन. केळ्याबद्दल मात्र मी माझ्या मतावर आहे.

मार्केटयार्ड_रवा
ताई, बोली मी पण लावणार, आधी चित्र बघून.