पुरात जवळचा रस्ता दाखवणारं ॲप पुरेसं आहे का?

नदीकाठ: काल इथे एकाने लिहिलं, 'नकाशावर जवळचा रस्ता काढायची डायक्स्ट्राची पद्धत १९५९पासून आहे. पाणी चढलेले रस्ते नकाशातून वगळा आणि प्रत्येकाच्या फोनवर जवळचा सुरक्षित रस्ता दाखवा. झालं काम.' वाचल्यापासून डोकं फिरलंय. जवळचा रस्ता एकट्यादुकट्याला ठीक. कोल्हापूरजवळच्या अख्ख्या चिखली-आंबेवाडीला एकाच वेळी तोच दाखवलात तर सगळे तिथेच तुंबणार. रस्त्यावरून मिनिटाला किती गाड्या निघतात ते आधी धरा, मग कुणी आत्ता निघायचं, कुणी तासाभराने, कुणी लांबून, हे वाटून द्या. २००५ला रिटा वादळाच्या भीतीने ह्यूस्टन सोडलेले लोक वीस-वीस तास रस्त्यावर अडकले. त्या स्थलांतरातच शंभरावर माणसं गेली.

आलेखवाला: ती पोस्ट माझी. रस्त्याची क्षमता धरणारे अल्गोरिदम आहेत, मी लिहिलं नाही, चुकलं. पण २०१९ला पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत लोक थांबले, त्याचं काय? वेळेवर रस्ता कळला असता तर निघाले नसते का?

पूरपट्टा: रस्ता माहीत नव्हता म्हणून थांबलो असं वाटतंय तुम्हाला? राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेचं पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, आमच्या पोरांनाबी पाठ आहे. दावणीला चार म्हशी होत्या. धाकटी रेडी टेम्पोच्या फळीवर पाय ठेवंना. वडिलांनी गुळाचा खडा दाखवला, डोळ्यांवर पोतं टाकलं, तरी मागंच सरायची. पाऊण तास गेला. मागं सात टेम्पो उभे. शेवटी वडील म्हणाले, तुम्ही व्हा पुढं.

पेठकर: वाईट वाटतं, पण माणसाचा जीव आधी. ८ ऑगस्ट २०१९ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पुरातून लोकांना काढणारी नाव उलटली. शेवटपर्यंत थांबलं की हेच होतं.

पूरपट्टा: गेलेल्या माणसांना बोल लावू नका! एका म्हशीची किंमत काय, विचारा एकदा बाजारात. त्या दुधावर सोसायटीचा हप्ता जातो.

पेठकर: बोल लावला नाही. वाक्य कठोर झालं, मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही.

दावणवाली: जनावरं काढली तरी बांधायची कुठं? आम्ही दोन रात्री शाळेच्या मैदानात पावसात उभ्या होतो, मूठभर वैरण नव्हती. पुढच्या वेळी सासूबाई साफ म्हणाल्या, गोठा सोडणार नाही. तुमचा रस्ता जिथं संपतो तिथं छप्पर आणि चारा आहे का, ते आधी सांगा.

नदीकाठ: माझ्याही हिशेबात नुसत्या गाड्या होत्या, हे कबूल करावं लागतंय. गाडी भरायला लागणारा वेळ मी धरलाच नव्हता. आणि अरुंद गल्लीत एक टेम्पो अडला की मागची सगळी रांग अडते. म्हणजे गोठेवाली घरं ३९ फुटांच्याही आधी निघायला हवीत. तरी पोस्टवरचा माझा राग कायम आहे.

आलेखवाला: राहू दे. एक सांगा, म्हशीमागे चढवायला किती वेळ धरू?

पूरपट्टा: सवयीची असली तर दोन मिनिटं. आमच्या रेडीसारखी असली तर पाऊण तास धरा.