मरीन ड्राइव्ह, संध्याकाळ, ट्रायपॉड नाही: आकाशातला नॉइज कसा काढावा?

सांजवेळ
नरिमन पॉइंटकडून मरीन ड्राइव्हची कमान, सूर्यास्तानंतर साधारण अर्ध्या तासाने. फुल फ्रेम, २४ मिमी, एफ/४, १/६० सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ६४००, रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल). इमारती ठीक आहेत, पण निळ्या आकाशात नॉइज आहे: दाणे आणि मधूनमधून जांभळट-हिरवे डाग दिसतात. लाइटरूम या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ल्युमिनन्स (दाणे कमी करणारा स्लायडर) ६० केलं तर आकाश साफ होतं, मात्र इमारतींच्या खिडक्या मेणचट होतात. स्काय मास्कने (फक्त आकाश निवडणारं साधन) आकाश गडद केलं की इमारतींच्या कडेला उजळ पट्टा उमटतो. काय करता येईल?

रॉवाला
दाणे आणि डाग यांचे उपाय वेगळे. डाग हा कलर नॉइज. लाइटरूममधला कलर स्लायडर मुळात २५ वर असतो, तो ४०-५० पर्यंत न्या. मोठे डाग उरले तर त्याखालचा स्मूदनेस वाढवा. त्याने बारकावे फारसे जात नाहीत.

दाण्यांसाठी सगळ्यात आधी एआय डीनॉइज चालवा, ४० च्या आसपास. मास्क त्यानंतर. डीनॉइज वापरायचं नसेल तर सगळ्या फोटोला ल्युमिनन्स १५-२० पुरे, बाकीचं काम स्काय मास्कमधल्या नॉइज स्लायडरवर सोडा. इमारतींना आणि आकाशाला एकच आकडा लावल्यामुळेच खिडक्या मेणचट होतात.

शार्पनिंग विसरू नका, घालवलेले दाणे तेच परत आणतं. ऑल्ट दाबून मास्किंगचा स्लायडर ओढा. आकाश पूर्ण काळं आणि फक्त इमारतींच्या कडा पांढऱ्या दिसल्या की थांबा.

निळाई
उजळ पट्ट्याबद्दल. मास्कची कड मऊ असते, त्यामुळे इमारतींलगतचं आकाश कमी गडद होतं आणि पट्टा दिसतो. स्काय मास्क लिनिअर ग्रेडियंटशी (वरून खाली हळूहळू विरत जाणारा मास्क) इंटरसेक्ट करा, म्हणजे दोन्ही जिथे एकत्र येतात तेवढाच भाग ठेवा, म्हणजे परिणाम वर पूर्ण आणि छपरांपाशी जवळपास शून्य राहील. संधिप्रकाशात क्षितिज उजळच असतं, त्यामुळे ते खरंही वाटतं. एक्स्पोजर -०.३ ते -०.५, त्याहून जास्त नको. आकाशावर डीहेझ (धुरकटपणा काढणारा) आणि क्लॅरिटी (उठाव वाढवणारा) हे स्लायडर तर अजिबात नको: दोन्ही कॉन्ट्रास्ट ताणतात, आणि त्याबरोबर दाणेही.

आकाश फार गुळगुळीत केलं तर जेपीईजीत रंगाचे पट्टे पडतात, कारण ८ बिटमध्ये इतका सावकाश बदलणारा निळा मावत नाही. फोटोशॉपमध्ये १६ बिट टिफ न्या आणि शेवटी ग्रेन ८-१० द्या. बारीक, एकसारखे दाणे पट्टे मोडतात.

स्थिरहात
माझ्या मते खरा उपाय फोटो काढतानाच आहे. स्टॅबिलायझेशन असेल तर २४ मिमीला १/१५ जमतं, म्हणजे आयएसओ १६००. कठड्यावर कोपर टेका आणि तीन-चार फ्रेम घ्या, एखादी तरी धारदार मिळते. आयएसओ कमी दिसावा म्हणून अंडरएक्स्पोज मात्र करू नका. नॉइज मुख्यतः प्रकाश कमी पडल्याने येतो. सावल्या नंतर उचलल्या की तो अधिकच वर येतो.

याहून चांगलं म्हणजे बर्स्ट, म्हणजे लागोपाठ झटपट काढलेल्या फ्रेम. त्याच सेटिंगवर फोकस आणि एक्स्पोजर मॅन्युअल ठेवून १६ फ्रेम. सरासरी काढली की नॉइज फ्रेमसंख्येच्या वर्गमुळाने घटतो: ४ फ्रेमना निम्मा, १६ ना पाव. फोटोशॉपमध्ये फाइल, स्क्रिप्ट्स, लोड फाइल्स इनटू स्टॅक. तिथेच अलाइन आणि स्मार्ट ऑब्जेक्टच्या दोन्ही खुणा करा, मग स्टॅक मोड मीन (सरासरी). गाड्यांच्या भुतासारख्या प्रतिमा नको असतील तर मीडियन (मधली किंमत), पण त्यात नॉइज थोडा जास्त उरतो. फोटोशॉप नसेल तर ह्युगिन या पॅनोरमा जोडणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत येणारं, फ्रेम एकमेकींवर जुळवणारं (अलाइनमेंटचं) साधन फुकट आहे. कडा थोड्या कापाव्या लागतील, म्हणून फ्रेम सैल ठेवा. जवळचे टेट्रापॉड (किनाऱ्यावरचे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे) चौकटीत नकोत. हात जरा सरकला तरी ते इमारतींशी जुळत नाहीत.

सांजवेळ
बर्स्टमध्ये ढग सरकले तर? पाण्याचं काय?

स्थिरहात
दोन-तीन सेकंदांत २४ मिमीला ढग सहसा जाणवण्याइतके हलत नाहीत. पाणी मऊ होतं. लाटांचा पोत हवा असेल तर एकच फ्रेम डीनॉइज करून वरच्या लेयरवर ठेवा आणि मास्कने फक्त पाणी त्यातून घ्या. ती फ्रेम अलाइन झालेल्या स्टॅकमधलीच निवडा, नाहीतर किनाऱ्याची रेघ जुळणार नाही.