प्रति: राजासमोरचं प्यादंच का?
'बुद्धिबळात ई४ (पहिल्याच चालीला पांढऱ्या राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे) सगळे निव्वळ सवयीनं खेळतात' हे इथे कुणीतरी मांडलेलं मत मला पटलं नाही. त्या एका चालीत वजीर आणि उंट दोघांची वाट मोकळी होते, शिवाय समोरच्या डी५ आणि एफ५ या घरांवर दाब येतो. आमच्या खानापूरकडची जुनी माणसं देशी नियमानं खेळायची; प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर. मग पटाचा मध्य इतक्या झटकन हाती येत नाही, आणि सुरुवातीही बदलतात.

फॅशन असते, पण तीही निकालातून येते. २००० साली लंडनला जगज्जेतेपदाच्या लढतीत क्रॅमनिकनं ई४ला उत्तर म्हणून काळ्या मोहऱ्यांनी बर्लिन बचाव खेळला, तेव्हाचा जगज्जेता कास्पारोव्ह याला अख्ख्या लढतीत एकही डाव जिंकता आला नाही. मागे पडलेला तो बचाव मग अव्वल खेळाडूंनी उचलून धरला!

बेळगावातल्या पोरांना मी आधी ई४च शिकवतो. डाव लवकर मोकळा होतो, चूक लगेच दिसते.